आधी पाहा, मग धुवा, मग कोरडं करा : घरातल्या तीन पिढ्यांच्या पायांची निगा

घरात कुणाचे पाय दुखायला लागले की सगळ्यात आधी येते ती बादली. कढत पाणी, मूठभर मीठ आणि ‘बस दहा मिनिटं पाय बुडवून’. आजोबांच्या तळपायाला मुंग्या येतात म्हणून बादली, नातवाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या म्हणून बादली, सुनेची टाच सकाळी टेकवत नाही म्हणूनही बादलीच. आजोबांना मधुमेह असेल तर त्या पाण्याने ते भाजू शकतात. नातवाची त्वचा ओलाव्यानेच सडलेली असते, तिला आणखी ओलावा मिळतो. सुनेला घटकाभर बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी दुखणं तिथेच असतं.

एकच उपाय सगळ्या वयांना लावणं ही पहिली चूक. क्रम उलटा करणं ही दुसरी : न पाहता घासायला लागणं, न पुसता तेल चोपडणं. त्यामुळे खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. निरोगी माणसाला आठवड्यातून एकदा पुरे. मधुमेह असलेल्यांनी दुसरा आणि तिसरा टप्पा रोज करायचा.

टप्पा १ : तयारी

हाताशी ठेवा : एक हातआरसा, मोबाइलचा टॉर्च, जुना धुतलेला सुती पंचा, सरळ पात्याचं नेलकटर, वजरी, पेट्रोलियम जेली किंवा युरिया असलेलं क्रीम, कोरा कागद आणि पेन्सिल. पंचा, नेलकटर आणि वजरी ज्याची त्याची वेगळी. एकाच्या नखातली बुरशी सगळ्या घरात फिरते ती याच तीन वस्तूंमधून.

घरातून काढून टाका : दाढीचं पातं, कुरूप ‘जाळणाऱ्या’ पट्ट्या, आणि कुणीतरी कधीतरी आणून दिलेली ती ‘सगळ्यावर चालणारी’ खाजेची ट्यूब. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, वरची लाली जाते, आणि खाली बुरशी पसरत राहते.

टप्पा २ : पाहणं

हा टप्पा सगळेच गाळतात. धुण्याआधी, उजेडात, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, लाल किंवा गरम लागतो का? बोटांच्या प्रत्येक बेचक्यात टॉर्च मारा. तळव्याखाली आरसा धरा. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी आरसा जमिनीवर ठेवून पाय वर धरायचा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचं. जखम, फोड, काळी पडलेली जागा, पांढरी पिचपिचीत त्वचा, घट्ट्याच्या आत दिसणारा लालसर-काळा डाग, यांतलं काही आहे का ते बघा. घट्ट्याखाली रक्त दिसत असेल तर आत जखम तयार होत असण्याची शक्यता असते.

मधुमेह असलेल्यांसाठी एक साधी स्पर्शचाचणी घरी करता येते. आजी किंवा आजोबांना आडवं झोपवा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. ‘बोटाला हात लागला की उजवा किंवा डावा एवढंच सांगा’ असं समजावून द्या. मग तर्जनीच्या टोकाने अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. क्रम असा : उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. नाही कळलं तर त्याच बोटाला पुन्हा हात लावून ‘आता?’ असं विचारायचं नाही. आपण सगळे तिथेच चुकतो, कारण आपल्याला त्यांनी पास व्हायला हवं असतं. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही हे कधीच केलं नव्हतं. डिसेंबरातल्या एका रात्री पाय गार पडले म्हणून त्यांना गरम पाण्याची पिशवी दिली. पिशवी नेहमीचीच, पाणीही नेहमीचंच. टाचेला फोड आला तो तिसऱ्या दिवशी चादरीवरच्या डागावरून कळला. त्यांना दुखलंच नव्हतं. जखम भरायला चार महिने गेले.

थांबा : उघडी जखम, पू, काळी पडलेली त्वचा किंवा एकाच पायाला गरम सूज दिसली तर पुढचे टप्पे करू नका. थेट शेवटच्या टप्प्यावर जा.

टप्पा ३ : धुणं आणि कोरडं करणं

पाणी कोमट घ्या. मधुमेह असलेल्यांनी पाण्याचा अंदाज पायाने घ्यायचा नाही, कोपराने घ्यायचा. शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कोपराने. साधा साबण पुरे. निरोगी मोठ्या माणसाने टाचा मऊ करायला दहा मिनिटं पाय बुडवले तरी चालेल. मधुमेह असलेल्यांनी पाय बुडवून बसायचंच नाही, धुवायचे आणि बाहेर काढायचे. मिठाची गरज कुणालाच नाही.

आता कोरडं करणं. याला धुण्यापेक्षा जास्त वेळ लागायला हवा. पंच्याचं टोक प्रत्येक बेचक्यात घालून टिपा. रगडू नका, टिपा. चौथं बोट आणि करंगळी यांच्यातली फट सगळ्यात अरुंद असते आणि चिखल्यांची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

तपासणी : टिपून झाल्यावर बेचक्यात कोरडा कागदी रुमाल घाला. ओला झाला तर अजून टिपायचं आहे.

टप्पा ४ : नखं

आंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हा कापा. सरळ आडवी कापा आणि कोपरे बोटाच्या मांसाबाहेर राहू द्या. हाताच्या नखांसारखी गोल कापली की अंगठ्याचा कोपरा मांसात वाढतो. मग तो टोचतो म्हणून आपण आणखी खोल कापतो आणि मागे राहिलेली कूस पुन्हा आत घुसते. नखुरडं झालेल्या निम्म्या लोकांची हकीकत ऐका, ती अशीच असते. टोकाला धार राहिली तर कानशीने हलकेच घासा.

आजी-आजोबांची नखं जाड आणि पिवळट झालेली असतात. एका दमात कापायला गेलात तर ती चिरतात. आंघोळीनंतर, कडेपासून, लहान लहान तुकडे घेत कापा. नख फारच जाड असेल किंवा त्यांना मधुमेह असून स्पर्श कळत नसेल, तर घरी कापू नका, दवाखान्यात कापून घ्या.

नख पिवळं, ठिसूळ आणि खाली भुसा साचल्यासारखं झालं असेल तर बहुतेक वेळा ती बुरशी असते, पण प्रत्येक वेळी नाही. औषधाआधी नखाचा तुकडा तपासून घ्या. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. दोन महिन्यांत फरक दिसत नाही म्हणून औषध सोडणारे फार, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

टप्पा ५ : टाचा, वजरी आणि तेल

पुण्याची थंडी कोरडी. दिवाळी उलटली की टाचा तडकायला लागतात, आणि घरात फरशीवर अनवाणी चालणाऱ्यांच्या सगळ्यात आधी. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ धरा.

१. पाय धुऊन झाले, टाच अजून ओलसर आहे, तेव्हाच वजरी चालवा. कोरड्या टाचेवर वजरी घासली की भेग खोल जाते.
२. एकाच दिशेने, हलक्या हाताने, आठवड्यातून एक-दोनदा. गुलाबी त्वचा दिसेपर्यंत घासू नका. थोडी जाड त्वचा पायाला लागतेच. रोज खरवडली तर ती आणखी जाड येते.
३. लगेच क्रीम. दहा ते पंचवीस टक्के युरिया असलेलं क्रीम भेगांवर चांगलं काम करतं. कोकमतेल घरात असेल तर ते जरासं पातळ करून, कोमट झाल्यावर भरा. आपल्या आज्या ते वापरत आल्या आणि भेगांवर त्याचा थर छान टिकतो. नुसती पेट्रोलियम जेलीही चालते.
४. बोटांच्या बेचक्यात तेल किंवा क्रीम अजिबात जाऊ देऊ नका.
५. वर सुती मोजे घालून झोपा.

सावधान : तेल लावलेल्या पायांनी रात्री बाथरूमला जाऊ नका. भेगांवर उपाय करता करता खुब्याचं हाड मोडून घ्यायचं नाही. वितळवलेलं मेण भेगेत ओतायचं तर पूर्ण सोडून द्या.

भेगेतून रक्त येत असेल तर वजरी बंद, फक्त क्रीम. महिनाभर नेमाने करूनही टाच तशीच राहिली, किंवा हाताच्या तळव्यांनाही भेगा असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बुरशी किंवा सोरायसिसही असू शकतो.

कुरूप आणि चामखीळ यांत लोक गोंधळ करतात. कुरूप सरळ वरून दाबलं की दुखतं. तळव्यावरची चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. कुरूप दाबाने होतं. चप्पल बदलली नाही तर शंभरदा काढलं तरी ते शंभरदा येतं. रस्त्याच्या कडेला बसून कुरूप काढून देणाऱ्याकडे पाय देऊ नका, त्याचं हत्यार तुमच्या आधी कुणाच्या पायात गेलं ते तुम्हाला माहीत नसतं.

टप्पा ६ : जून ते सप्टेंबर, चिखल्यांसाठी वेगळी शिस्त

पुण्यात पाऊस मुसळधार कमी आणि चिकट जास्त. बूट सकाळी भिजतो आणि दुसऱ्या सकाळीही ओलाच असतो. तोच घालून पोरगं शाळेत जातं, आपण दुचाकीवर ऑफिसला जातो. आठवड्याभरात बेचक्यातली त्वचा पांढरी पडते, सुटते, चुरचुरते. बहुतेक वेळा ती बुरशी असते.

बाहेरून आल्यावर पाय साबणाने धुवा, तिसऱ्या टप्प्यासारखे टिपा, आणि दहा मिनिटं पंख्याखाली उघडे ठेवा. मग क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनसारखं साधं बुरशीनाशक क्रीम पातळ थरात लावा. ट्यूबवर दुसऱ्या औषधाचं नाव जोडलेलं नाही ना, ते वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, परत करा. त्वचा बरी दिसायला लागली की थांबू नका. क्लोट्रिमाझोल असेल तर आणखी दोन आठवडे लावायचं, इतर क्रीमचा काळ वेष्टनावर बघून पूर्ण करायचा. अर्धवट सोडलेल्या चिखल्याच गणपतीत पुन्हा वर येतात.

हळद-तेलाचा लेप बेचक्यात भरू नका, ओल आत कोंडते. पावडर टाकायचीच तर कोरड्या पायावर आणि नखभर. ओल्या बेचक्यात तिचे गोळे होतात.

बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. भिजलेल्या बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, आतला तळ बाहेर काढून ठेवा. दुसरा जोड परवडत नसेल तर पावसाळ्यात मागे पट्टा असलेले रबरी सँडल जास्त चांगले. चामडी कोल्हापुरी या चार महिन्यांत कपाटात. घालण्यापूर्वी बूट उलटा करून आपटा, खडा, काच किंवा एखादा किडा निघतोच.

नदीकाठच्या भागात पाणी शिरलं आणि त्यातून चालावं लागलं तर घरी आल्याबरोबर पाय धुवा. पायाला जखम असेल किंवा पुढच्या दिवसांत ताप आला, तर पुराच्या पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

टप्पा ७ : वय पाहून बदल

*चालायला लागलेलं मूल.* घरात अनवाणी फिरू द्या. सपाट तळव्याची काळजी जवळजवळ प्रत्येक आईला असते, पण पाच-सहा वर्षांपर्यंत तळवा सपाट दिसणं स्वाभाविक आहे. मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान दिसली आणि पाय दुखत नसेल तर महागडे आधाराचे बूट लागत नाहीत. पाय दुखतो, ताठर आहे किंवा एकच पाय सपाट आहे, तर दाखवा. तिसऱ्या वर्षानंतरही मूल कायम चवड्यांवरच चालत असेल तरीही दाखवा.

*शाळकरी मुलं.* शाळेचे बूट मे महिन्यात ‘वर्षभर पुरतील’ म्हणून दोन माप मोठे घेतले जातात. पाय आत सरकतो, टाचेला फोड येतात, मूल बोटं आवळून चालतं. अंगठ्याच्या पुढे एका बोटाची जागा पुरे, आणि दर तीन-चार महिन्यांनी माप बघा. साधारण आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच दुखत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळत असेल, तर बहुतेक ते वाढीच्या जागेवरच्या ताणाचं दुखणं असतं. खेळ कमी करा, बुटात टाचेखाली मऊ गादी घाला, आणि ‘नाटक करतोय’ म्हणू नका.

*चालणारे, चढणारे, वाजवणारे.* दर आषाढाच्या तोंडावर पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा मी वारकऱ्यांचे पाय धुण्या-चोळण्याच्या सेवेला जाते. वर्षानुवर्षं चालणाऱ्या माउलींच्या पायात जुनी, सवयीची चप्पल असते. फोडांनी हैराण झालेले पाय बहुतेक शहरातल्या हौशी लोकांचे, त्यांनी पुणे ते सासवडच्या टप्प्यासाठी आदल्या दिवशी नवे बूट घेतलेले असतात. ढोल पथकातली मुलंही नवी कोल्हापुरी मिरवणुकीच्या दिवशीच पहिल्यांदा पायात घालतात, आणि ती चावतेच. नवं पायताण निदान दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि रोज थोडं वाढवत घाला. चालायच्या दिवशी घासणाऱ्या जागांवर पेट्रोलियम जेली, जवळ जादा मोजे, आणि दुपारी मोजे बदलायचेच. सिंहगड उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं ते पाय पुढे सरकल्याने. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट करा, नखं आदल्या दिवशी कापलेली ठेवा.

फोड शक्यतो फोडू नका. फार ताणलेला असेल तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची त्वचा तशीच राहू द्या आणि पट्टी लावा. मधुमेह असलेल्यांनी हे घरी करायचं नाही.

*तिशी ते पन्नाशी.* सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत कळ, चार पावलं चालल्यावर कमी, आणि दिवसभर ओट्यापाशी उभं राहिल्यावर पुन्हा. हे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं, आणि ते टाचेला तेल चोळून जात नाही. पलंगावरच, पाऊल टाकण्याआधी, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ ठेवून, टाच न उचलता पोटरीला तीस सेकंद ताण द्या. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाचेक मिनिटं फिरवा. घरात मऊ तळाची चप्पल घाला. ‘स्वयंपाकघरात चप्पल नको’ असं घरात असेल तर त्यासाठी वेगळा, बाहेर कधीच न जाणारा जोड ठेवा. सासूबाईंना कारण सांगितलं की त्याही घालू लागतात, हे मी पाहिलं आहे. बरं व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. त्यामुळे दोन आठवड्यांत इंजेक्शनकडे धावू नका.

गरोदरपणात संध्याकाळी पावलं सुजणं नेहमीचं. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं दुखू लागलं, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

*साठीपुढे, आणि मधुमेह असलेले कोणत्याही वयाचे.* तळव्यावरची चरबीची गादी पातळ होते, म्हणून खडा जास्त टोचतो. आणि संवेदना गेलेली असेल तर मुळीच टोचत नाही, ते जास्त घातक. घरातही मागे पट्टा असलेलं पायताण घाला. अंगठ्याच्या सपाता पायातून निसटतात आणि पडायला होतं. मधुमेहात एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबरी तळाच्या चपला बऱ्या, पण त्याही मापाने घ्या. चैत्र-वैशाखात देवळाच्या अंगणातली फरशी भाजते. दुपारी जायचं टाळा, सकाळी जा. प्रदक्षिणा घालायचीच तर मोजे घालून घाला. देव रागावत नाही.

टप्पा ८ : पायताणाचं माप

संध्याकाळी मापा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. कागदावर पूर्ण वजन देऊन उभं राहा, दुसऱ्या कुणाला पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाची आकृती कापून घ्या आणि ती लक्ष्मी रोडला दुकानात घेऊन जा. बुटात सरकवल्यावर कागद कुठेही दुमडला तर तो बूट तुमचा नाही, दुकानदार ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तरी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. त्याच्यापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी.

टप्पा ९ : डॉक्टरकडे कधी, आणि काय घेऊन

त्याच दिवशी जा : मधुमेह असलेल्याच्या पायाला कोणतीही उघडी जखम. न दुखणारा पण लाल, गरम, सुजलेला पाय, कारण आत हाडं खचत असू शकतात आणि त्यावर चालत राहिलं की पायाचा आकार कायमचा बिघडतो. काळं पडलेलं बोट. अचानक गार आणि पांढरा पडलेला पाय. जखमेबरोबर ताप. रविवार असला तरी थांबू नका, ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो.

आठवड्याभरात जा : पू धरलेलं नखुरडं, दोन आठवड्यांत न भरलेली साधी जखम, रात्री अचानक लाल होऊन ठणकणारा अंगठ्याचा सांधा, चालताना पोटरीत गोळा येऊन थांबलं की जाणारं दुखणं.

त्वचा आणि नखं त्वचारोगतज्ज्ञांकडे, टाच आणि सांधे अस्थिरोगतज्ज्ञांकडे, मधुमेहातली जखम सर्जनकडे. जाताना पायाला तेल, क्रीम, नेलपॉलिश काहीही लावू नका. लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. आणि रोजची, झिजलेली चप्पल पिशवीत घालून न्या. तिचा तळ कुठे झिजलाय त्यावरून वजन कुठे पडतं ते डॉक्टरांना दिसतं.